लायक्राचा झोका आणि दाराचा अलार्म : सात-आठ महिने वापरल्यावर

आमचा मुलगा पाच वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलणं अजून मोजक्या शब्दांचं. तो 'सेन्सरी सीकर' आहे असं आमच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मॅडम म्हणतात. घरात त्याचा अर्थ असा : सोफ्याच्या पाठीवरून उडी, खिडकीच्या ग्रिलला लोंबकळणं, किचनच्या ओट्यावर चढणं आणि हाताला लागेल ते तोंडात. पडला तरी रडत नाही. कुठे लागलंय ते आम्हाला अंघोळ घालताना कळतं. नातेवाईक 'खोडकर आहे' म्हणतात. पण खोडी काढायला समोर कुणीतरी बघणारं लागतं, हा एकटा असतानाही तेच करतो.

बाल्कनीला जाळी, कपाट भिंतीला क्लॅम्पने पक्कं, रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, हे आधीच झालं होतं. तरी एक जागा बंद केली की तो दुसरी शोधायचा. मॅडमनी सांगितलं, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि सांधे-स्नायू यांच्याकडून येणारी जाणीव त्याला पुरत नाही, म्हणून शरीर उंची आणि धक्के मागत राहतं. ही मांडणी जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टची, १९७०च्या दशकातली. या मांडणीवर वाद आहेत, ते असोत. मागणी घरातच, खाली गादी टाकून भागवता आली तर बघू, एवढ्यासाठी झोका घेतला.

झोका म्हणजे ताणणाऱ्या कापडाची मोठी झोळीच. मूल आत बसलं की कापड चहूबाजूंनी आवळून धरतं. दोन-अडीच हजारांत मिळाला. खरं डोकं लावावं लागतं ते वरच्या हुकाला. पीओपीच्या छताला काही टांगायचं नाही, भोक आरसीसी स्लॅबमध्येच जायला हवं आणि तिथून वायरिंगची नळी जात नाही ना, हे आधी बघायला हवं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, 'पंख्याचा हुक आहे की!' अजिबात नको. मूल अठरा किलोचं असलं तरी उड्या मारत झोके घेताना हुकावर त्याच्या कितीतरी पट ओढ येते. आम्ही अँकर फास्टनर (स्लॅबच्या भोकात घट्ट बसणारा बोल्ट) ठोकून घेतला आणि आधी मी स्वतः लटकून पाहिलं. झोक्याबरोबर आलेल्या कडीवर किती भार पेलते याचा आकडाच नव्हता. ती काढून ट्रेकिंगच्या दुकानातून स्क्रूने बंद होणारा कॅराबिनर आणला, त्यावर किलोन्यूटनमध्ये क्षमता कोरलेली असते. दाराच्या चौकटीत दाबून बसवायचे रॉड मिळतात. ते सरकतात, मी घेणार नाही.

फरक पडला का? पडला, पण जादू नाही. शाळेतून आल्यावर थोडा वेळ पुढे-मागे संथ झोके दिले की ग्रिलकडे जाणं बरंच कमी होतं. पावसाळ्यात बाग बंद असताना तर झोक्यानेच तारलं. गोल फिरवणं मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याला चक्कर येत नाही, त्यामुळे 'पुरे' हे त्याला कळत नाही. चेहरा लाल होतो, हसणं थांबत नाही आणि मग चावे सुरू. आता गोल फिरवणं मोजून, आणि झोपायच्या आधी मुळीच नाही.

तक्रारीही आहेत. तीन-चार महिन्यांत कापड सैल पडून तळ गादीला टेकायला लागला, पट्टा आखडून घ्यावा लागला. कड चावून चावून त्याने धागे काढलेत, त्यामुळे शिवण दर आठवड्याला तपासते. आणि काम झालं की झोका काढून कपाटात जातो. लोंबता पट्टा आणि लहान मुलाची मान एका खोलीत एकटी सोडायची नाहीत. म्हणजे हा झोका तुम्हाला मोकळा वेळ देत नाही, तुम्हाला तिथे थांबावंच लागतं.

दाराचा अलार्म त्याच सुमारास घेतला. अशी मुलं नकळत घराबाहेर निघून जातात. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार वर्षांवरच्या जवळजवळ निम्म्या ऑटिस्टिक मुलांनी कधी ना कधी तसा प्रयत्न केलेला आढळला. आमच्या मुलाला पाण्याची ओढ आहे आणि खाली सोसायटीची टाकी आहे, त्यामुळे विचार करायचा प्रश्नच नव्हता. (टाकीच्या झाकणाला कुलूप लावून घेतलं, ते अलार्मपेक्षा महत्त्वाचं.)

पहिला अलार्म स्वस्तातला, चुंबकाचा. आत बटण सेल आणि झाकण नुसतं सरकवून उघडणारं! सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाच्या घरात ही वस्तू नको. बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी लगेच दवाखाना गाठावा. तो परत केला. दुसरा घेतला पेन्सिल सेलवर चालणारा, झाकणाला स्क्रू असलेला, आणि चौकटीच्या अगदी वर बसवला. त्यातही गंमत झालीच. सायरन ऐकायला मिळतो म्हणून साहेब मुद्दाम दार उघडायला लागले. आता आवाज फक्त आमच्या फोनवर येतो.

फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोका घेऊ नका. ऑटिझममध्ये फिटचं प्रमाण तसंही जास्त असतं. भाड्याच्या घरात असाल तर मालकांना आधी विचारा. आमच्या घरमालक काकांनी स्लॅबला भोक पाडू दिलं, पण एका अटीवर : घर सोडताना हुक तसाच ठेवायचा, त्यांना नातीची झोळी टांगायची आहे.