एक्सेलमध्ये आपोआप उगवणारी शीटं आणि स्पीच हिस्टरी ॲड-ऑन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एक्सेलच्या फाइलीत शीट४, शीट५, शीट६ अशी कोरी पानं आपोआप उगवायला लागली तर व्हायरस शोधत बसू नका. आधी बघा, एनव्हीडीए या अंधांना स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधलं (स्क्रीन रीडरमधलं) स्पीच हिस्टरी नावाचं ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम, झोपलंय का.

एनव्हीडीए फुकट कसं आहे वगैरे जास्त इथे सांगत बसत नाही. स्पीच हिस्टरीचं कामही बहुतेकांना माहीत असेल: स्क्रीन रीडर जे बोलून गेला ते मागे जाऊन पुन्हा ऐकायचं आणि हवं तर कॉपी करायचं. शिफ्ट+एफ११ ने मागचं वाक्य, शिफ्ट+एफ१२ ने पुढचं, नुसत्या एफ१२ ने ते क्लिपबोर्डवर. बँकेच्या साइटवर क्षणभर झळकून गेलेला एरर, एकदाच उच्चारला गेलेला ट्रान्झॅक्शन नंबर, डावीकडून उजवीकडे धावून गेलेलं नोटिफिकेशन, सगळं हाताशी राहतं. मराठी मजकूरही देवनागरीतच कॉपी होतो. सेटिंगमध्ये कॉपी करताना आजूबाजूच्या मोकळ्या जागा छाटायची सोय आहे, ती चालू ठेवा. नाहीतर खाते क्रमांकाच्या शेवटी एक अदृश्य स्पेस चिकटते आणि फॉर्म 'अवैध' म्हणत बसतो.

इतकं उपयोगी ॲड-ऑन, पण त्याने निवडलेल्या कीज मात्र डोक्याला ताप. वर्डमध्ये एफ१२ म्हणजे सेव्ह ॲज, शिफ्ट+एफ१२ म्हणजे सेव्ह. क्रोममध्ये एफ१२ म्हणजे डेव्हलपर टूल्स. आणि एक्सेलमध्ये शिफ्ट+एफ११ म्हणजे नवीन वर्कशीट. ॲड-ऑन चालू असेपर्यंत या कीज ते मधल्यामध्ये गिळतं, त्यामुळे ऑफिसचे हे शॉर्टकट मेल्यासारखे होतात. त्यावर उतारा आहे: आधी एनव्हीडीए+एफ२ दाबायचं (एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट किंवा सेटिंगनुसार कॅप्स लॉक), त्यानंतरची की एनव्हीडीए हात न लावता थेट प्रोग्रॅमकडे जाऊ देतो. म्हणजे एनव्हीडीए+एफ२, मग एफ१२, की सेव्ह ॲज हजर. एवढं चालवून घेता येतं.

खरी पंचाईत उलट बाजूने होते. ॲड-ऑन बंद पडलं की गिळणारं कोणी उरत नाही, पण बोटांना सवय लागलेली असते. काहीतरी ऐकायचं राहिलं म्हणून हात सवयीने शिफ्ट+एफ११ वर जातो आणि एक्सेल निमूटपणे नवं शीट घालून तुम्हाला त्याच्या ए१ सेलवर नेऊन बसवतो. 'मागचं वाक्य ऐकू आलं नाही' म्हणून आणखी दोनदा दाबलं की आणखी दोन शीटं. मग पुढे जायला शिफ्ट+एफ१२, आणि वर्डमध्ये अर्धवट केलेला बदल सेव्ह होऊन मोकळा.

ॲड-ऑन आपण बंद न करता बंद कसं पडतं? दरवर्षीच्या पहिल्या आवृत्तीमुळे. २०२४.१, २०२५.१ अशी 'पॉइंट वन' आवृत्ती आली की एनव्हीडीए आतल्या रचनेत मोडतोड करणारे बदल करतो. प्रत्येक ॲड-ऑनच्या मॅनिफेस्ट फाइलीत (त्याची माहिती देणाऱ्या छोट्या फाइलीत) 'किमान आवृत्ती' आणि 'शेवटी तपासलेली आवृत्ती' असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा जुना असला की ॲड-ऑन इनकम्पॅटिबल ठरवून बंद केलं जातं, मग कोडमध्ये खरोखर काही तुटलेलं असो वा नसो. अपडेट बसवताना तसा इशारा येतो आणि 'मला समजलं' अशा अर्थाच्या चौकटीत टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण ती टिक आपण सगळेच डोळे झाकून करतो (आपल्या बाबतीत हा वाक्प्रचार जरा जास्तच लागू पडतो). एनव्हीडीए+क्यू दाबून 'ॲड-ऑन बंद ठेवून रीस्टार्ट' निवडलं, तरी तीच भुताटकी सुरू होते. बिघाड शोधण्यासाठी तो पर्याय उत्तम, पण तेवढा वेळ एक्सेल उघडू नका.

कीज कशा बदलायच्या

एनव्हीडीए+एन ने मेनू उघडा, प्रेफरन्सेस, त्यात इनपुट जेश्चर्स (जेश्चर म्हणजे एखाद्या कमांडला बांधलेली की). फिल्टरच्या खिडकीत 'हिस्टरी' हा शब्द इंग्रजीत टाइप करा, टॅब देऊन झाडासारख्या यादीत या, उजव्या बाणाने कमांड उघडा. आतली जुनी की निवडून 'रिमूव्ह'. मग कमांडवर परत येऊन 'ॲड', नवी की दाबा, मेनू येतो त्यात ती फक्त डेस्कटॉप कीबोर्ड लेआउटसाठी हवी का सगळ्या लेआउटसाठी ते ठरवा. शेवटी ओके. ओके न करता एस्केप दाबलंत तर सगळं पाण्यात.

कोणती की द्यायची, इथे बहुतेक जण फसतात. सोपा विचार असा की एनव्हीडीए+शिफ्ट+एफ११ द्यावी, झालं. नाही झालं. एनव्हीडीए की स्वतः कधीच विंडोजपर्यंत पोचत नाही, पण जोडीची की कुठल्याच कमांडला बांधलेली नसेल तर ती पुढे जाते. कोणत्याही न बांधलेल्या अक्षरासोबत एनव्हीडीए की दाबून बघा, ते अक्षर टाइप होतं. म्हणजे ॲड-ऑन बंद पडल्यावर एनव्हीडीए+शिफ्ट+एफ११ मधून एक्सेलला मिळणार शिफ्ट+एफ११, आणि शीट उगवणारच.

म्हणून अशी की निवडा जिच्यातून एनव्हीडीए वजा केल्यावर उरलेली की निरुपद्रवी असेल. एफ६ त्यात बसते. नुसती एफ६ खिडकीच्या एका भागातून दुसऱ्यात नेते, शिफ्ट+एफ६ उलट दिशेने, कंट्रोल+एफ६ ऑफिसमधली दुसरी खिडकी आणते. तिन्हींनी फाइलीत काही बदलत नाही. मागचं वाक्य शिफ्टसह, पुढचं शिफ्टशिवाय, कॉपी कंट्रोलसह, अशी वाटणी चालते. एफ५ चा मोह टाळा: क्रोममध्ये शिफ्ट+एफ५ पान नव्याने लोड करतं आणि अर्धा भरलेला फॉर्म जातो.

बांधण्याआधी एनव्हीडीए+१ ने इनपुट हेल्प चालू करून ती की दाबा. फक्त कीचं नाव ऐकू आलं तर ती मोकळी. वर्णनही ऐकू आलं तर कोणीतरी आधीच जागा धरलीय. ही तपासणी वगळू नका, कारण दोन ॲड-ऑननी एकच की मागितली तर ती एकालाच मिळते आणि दुसऱ्याबद्दल एनव्हीडीए ब्रही काढत नाही. शोधण्याचा क्रम ठरलेला आहे: सर्वात आधी तुमचे स्वतःचे जेश्चर, मग सगळीकडे चालणारे ग्लोबल प्लगइन, मग त्या-त्या प्रोग्रॅमचं ॲप मॉड्यूल, एनव्हीडीएच्या मूळ कमांड अगदी शेवटी. त्यामुळेच एखादं ॲड-ऑन मूळ कमांडवरही कुरघोडी करू शकतं आणि तुम्ही बांधलेली की त्या सगळ्यांवर मात करते. तुमचे बदल ॲपडेटामधल्या एनव्हीडीए फोल्डरात 'जेश्चर्स' नावाच्या आयएनआय फाइलीत राहतात. ॲड-ऑन काढून पुन्हा टाकलं तरी ते टिकतात, दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती फाइल नेली की काम झालं. फक्त एक्सेलपुरती वेगळी की मात्र ठेवता येत नाही. कॉन्फिगरेशन प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा संच, प्रोग्रॅमनुसार बदलतं, जेश्चर नाही. या एका गोष्टीसाठी तारे कापायला माझी हरकत नाही.

बसवताना

२०२३.२ पासून ॲड-ऑन स्टोअर आलं, तेव्हापासून हे काम सोपं झालंय. टूल्समधून स्टोअर उघडा, कंट्रोल+टॅबने 'अव्हेलेबल' टॅब, ऑल्ट+एस ने शोध, नावावर एंटर, मेनूतून इन्स्टॉल. रीस्टार्टचं विचारणं स्टोअर बंद केल्यावर येतं, हे माहीत नसलं की माणूस तिथेच वाट बघत बसतो.

व्हॉट्सॲपवर आलेली ॲड-ऑनची फाइल ही खरं तर झिपच असते, फक्त एक्स्टेन्शन वेगळं. स्टोअर येण्याआधी जाणकार ती उलगडून मॅनिफेस्टमधला 'शेवटी तपासलेली' आकडा वाढवत आणि पुन्हा झिप करत. अजूनही काही जण करतात आणि फाइल बसत नाही म्हणून ओरडतात. कारण ठरलेलं: झिप करताना आतल्या फाइलींऐवजी अख्खं फोल्डर निवडलेलं असतं, मॅनिफेस्ट एक पायरी खाली जातं आणि एनव्हीडीएला ते सापडत नाही.

आता त्या उद्योगाची गरजच नाही. स्टोअरमध्ये इनकम्पॅटिबल ॲड-ऑनवर एंटर केलं की विसंगती बाजूला सारून चालू करण्याचा पर्याय मिळतो. सुरुवातीला मला तो निष्काळजीपणा वाटला होता. आता मत बदललंय, पण एका अटीवर: आधी पेन ड्राइव्हवर चाचणी. टूल्समधून सेटिंगसकट पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) कॉपी बनवा, ती नव्या आवृत्तीची करा, त्यात ॲड-ऑन जबरदस्तीने चालू करा आणि चारदोन दिवस वापरा. बिघडलं तर एनव्हीडीए+एफ१ ने लॉग उघडा. त्यात कोणत्या ॲड-ऑनच्या कोणत्या फाइलीत गाडी अडली ते दिसतं. आवाजाच्या इंजिनाच्या ॲड-ऑनवर मात्र हा प्रयोग मुख्य कॉम्प्युटरवर कधीच करू नका. बोलणंच बंद झालं तर दुरुस्त कशाने करणार?

आणखी एक. ॲड-ऑनला एनव्हीडीएइतकेच अधिकार असतात, त्याला कुठलंही कुंपण नसतं. स्टोअरमधल्या फाइलींची व्हायरससाठी आपोआप तपासणी होते, पण प्रत्येक ओळ कोणी वाचत नाही. लॉगिनच्या स्क्रीनसाठी सेटिंग कॉपी करणारं बटण ॲड-ऑनही सोबत नेतं, म्हणून तिथे नेण्याआधी दोनदा विचार करा. आणि स्पीच हिस्टरीत ओटीपी, शिल्लक रक्कम सगळं एनव्हीडीए बंद होईपर्यंत पडून असतं. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या सामाईक कॉम्प्युटरवर काम झालं की रीस्टार्ट करा.

आता याची गरज उरलीय का?

अर्धीच. २०२५.१ मध्ये एनव्हीडीए+एक्स ही मूळ कमांड आली: शेवटचं बोललेलं पुन्हा ऐकवते, दोनदा दाबलं की ते वाचता येईल अशा खिडकीत दाखवते. एखादा एरर निसटला एवढीच अडचण असेल तर ॲड-ऑन काढून टाका आणि एफ१२ ऑफिसला परत द्या. त्याच आवृत्तीत रिमोट ॲक्सेस (दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवण्याची सोय) आत आलं, म्हणजे त्यासाठीचं एफ११ अडवून बसणारं जुनं 'एनव्हीडीए रिमोट' ॲड-ऑनही ठेवायचं कारण राहिलं नाही. पण पाच-सात वाक्यं मागे जायचं असेल, उदाहरणार्थ ट्रेनच्या बुकिंगमध्ये एकामागोमाग आलेले संदेश, तर स्पीच हिस्टरीला अजून पर्याय नाही. फुकटात पाचपैकी साडेतीन.

उगवलेली शीटं काढायची असतील तर कंट्रोल+झेडच्या भरवशावर राहू नका. कंट्रोल+पेज डाउनने त्या शीटवर जा, कंट्रोल+एंड दाबून ए१ वरच राहताय ना ते बघा, म्हणजे ते खरंच कोरं आहे. मग ऑल्ट, एच, डी, एस एकामागून एक. 'डिलीट करू का' अशी विचारणा आली तर थांबा, त्या शीटमध्ये काहीतरी आहे.