स्कूल काउन्सेलिंगचं मास्टर्स, अडीच वर्षांनंतर : सगळं अडलं ते 'डायरेक्ट'च्या रकान्यात

गेल्या आठवड्यात माझा इंटर्नशिपच्या तासांचा तक्ता युनिव्हर्सिटीकडून परत आला. त्यातले ३१ तास खोडलेले. चाचणीच्या वेळी वर्गावर लक्ष ठेवलं ते १४, जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरियात उभी राहिले ते ९ आणि शाळेच्या काउन्सेलर मुलांशी बोलत असताना कोपऱ्यात बसून ऐकलं ते ८. हे सगळे मी 'डायरेक्ट'मध्ये, म्हणजे मुलांशी प्रत्यक्ष काउन्सेलिंग केल्याच्या तासांत, धरले होते आणि शाळेतून त्यावर सहीही झाली होती. प्राध्यापिकाबाईंनी एका ओळीत कळवलं की यातला एकही तास डायरेक्ट होत नाही. ३१ तास म्हणजे जवळजवळ चार आठवड्यांची कमाई गेली. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

कोर्स केक्रेपच्या (काउन्सेलिंगच्या कोर्सना मान्यता देणारी अमेरिकेतली संस्था) मान्यतेचा आणि ६० क्रेडिटचा, हे इथं न्यू जर्सीत चौकशी करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. आधी १०० तासांचा प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा पहिला सराव, त्यात किमान ४० डायरेक्ट. मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यात किमान २४० डायरेक्ट. प्रवेश घेताना मी फक्त ६०० हा आकडा पाहिला होता. दोन सेमिस्टर, तीस आठवडे, आठवड्याला २० तास, जमेल असं वाटलं. खरा आकडा २४० आहे, म्हणजे दर आठवड्याला आठ तास समोर मूल हवं आणि आपण त्याच्याशी काम करत असायला हवं. नोंदी लिहिणं, फायली लावणं, दुसऱ्याचं सेशन बघणं यातलं काहीही चालत नाही. शाळेला मात्र इंटर्न म्हणजे फुकटचे दोन हात जास्त. कुणी रजेवर असलं की बोलाव हिला.

पैशांचंही सांगते, कारण मला ते अजून सलतं. इंटर्नशिपच्या क्रेडिटला वर्गातल्या क्रेडिटइतकीच फी पडते. बिनपगारी काम आपण करायचं, फी आपण भरायची, शाळेत जाण्याआधीच्या तपासणीसाठी द्याव्या लागणाऱ्या बोटांच्या ठशांचे आणि गाडीच्या पेट्रोलचे पैसे वेगळे. विम्याचे तेवढे वाचवा : आस्का या काउन्सेलरांच्या संघटनेच्या विद्यार्थी सभासदत्वातच लायबिलिटी विमा (कामातल्या चुकीबद्दल कुणी दावा केला तर लागणारा) येतो. मी आधी बाहेरून घेतला आणि ते पैसे वाया गेले.

शिकवणं मात्र अव्वल. माझं बी.एड. कोल्हापूरचं, तिथं सहा वर्षं शाळेत शिकवलं. मूल रडत आलं की 'अगं, असं कर' म्हणायची मला सवय. प्रॅक्टिकममध्ये आपल्या सेशनचं रेकॉर्डिंग सुपरवायझरसमोर लावावं लागतं. माझं पहिलं रेकॉर्डिंग त्यांनी चौथ्या मिनिटाला थांबवलं आणि विचारलं, "आतापर्यंत तुम्ही किती सल्ले दिलेत?" पाच. मुलगी दोन वाक्यं बोलली होती. त्यानंतर गप्प राहायला शिकायला मला अख्खं सेमिस्टर लागलं. मूल थांबलं की आपणही थांबायचं, ते मनात काय जुळवतंय ते जुळवू द्यायचं. समोरच्याचं ऐकून घेण्यावर भर देणारे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स पुस्तकात वाचून हे येत नाही, आपलाच आवाज पुन्हा ऐकावा लागतो. दर आठवड्याला सुपरवायझरबरोबरचा तो एक तास, तेवढ्यासाठी मी ही फी पुन्हा भरेन.

इथपर्यंतचं नोव्हेंबरात लिहून ठेवलं होतं. आता एप्रिल आहे आणि त्या रकान्याबद्दलचं माझं मत पार बदललंय.

तक्ता परत आल्यावर मी तो शाळेतल्या माझ्या सुपरवायझरपुढे ठेवला. त्या ओशाळल्या. त्यांच्या एकटीकडे चारशेच्या वर मुलं आहेत. आस्का एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत म्हणते. २०२२-२३ मध्ये देशाची सरासरी ३८५ होती, त्यामुळे त्यांची शाळा काही जगावेगळी नाही. काउन्सेलरचा किमान ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांच्या सेवेत जावा, असंही आस्काचं म्हणणं आहे. पण चाचण्यांची कपाटं, वेळापत्रकातले बदल, ५०४ प्लॅनच्या (अपंगत्व किंवा आजार असलेल्या मुलांना शाळेत द्यायच्या सवलतींच्या) बैठका यांतच बाईंचे दिवस संपतात. तक्त्यावरचे खोडलेले आकडे बघत त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी असा रकाना कुणी ठेवला नाही. माझेही बरेच तास असेच खोडले गेले असते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तो तक्ता घेऊन प्रिन्सिपलकडे गेलो. आठवड्याला आठ तास ठरवून मिळाले : चौथीच्या मुलींचा मंगळवारचा लंच बंच, घटस्फोट झालेल्या घरांतल्या मुलांचा एक छोटा गट आणि बाकी एकेकट्या मुलांच्या भेटी. लंच बंच म्हणजे मुलींनी डबे घेऊन माझ्या खोलीत यायचं आणि खाता खाता बोलायचं. मी नुसती तक्रार घेऊन गेले असते तर कॅफेटेरियातली ड्युटी सुटली नसती. युनिव्हर्सिटीचा नियम आहे म्हटल्यावर दहा मिनिटांत सुटली. नोव्हेंबरात ज्या नियमावर मी चिडले होते, त्यानेच मला मुलांपर्यंत पोचवलं.

एका मुलाचं सांगायला हवं, ओळख पटेल असं काही न लिहिता. घरी मराठी बोलणारा मुलगा. पाच भेटी माझ्याशी इंग्रजीत हवापाण्याचं बोलला. सहाव्या भेटीत मराठीत विचारलं, "हे तुम्ही बाबांना सांगणार का?" गुप्तता कुठवर पाळता येते आणि कुठं मला सांगावंच लागतं, हे मी त्याला मराठीत समजावलं. 'कॉन्फिडेन्शियल'ला शब्द शोधताना मी अडखळले. शेवटी म्हटलं, "तुझ्या जिवाला धोका असेल, तू कुणाला इजा करणार असशील किंवा कुणी तुला इजा करत असेल, तर मला सांगावं लागेल. एरवी ही गोष्ट तुझी." तो तास रकान्यात '१' म्हणून लागला.

ज्यांना यात यायचंय त्यांच्यासाठी : शाळेशी करार करण्यापूर्वीच डायरेक्टचे आठ तास कुठून मिळणार ते लेखी घ्या, वारासकट. रेकॉर्डिंगला पालकांची परवानगी कशी मिळते तेही आधीच विचारा, काही ठिकाणी रेकॉर्डिंग करूच देत नाहीत. आणि राज्य बदलायचा विचार असेल तर तिथले नियम आधी वाचा. टेक्सासमध्ये २०२३ पर्यंत सर्टिफिकेटसाठी दोन वर्षं वर्गात शिकवल्याचा अनुभव लागायचा. माझी एक मैत्रीण तेव्हा डिग्री हातात घेऊन तिथं गेली आणि अडकली.

माझे २४० तास ९ एप्रिलला भरले. एकूण ६०० पैकी अजून ४० बाकी आहेत आणि ते कपाटं आवरूनही भरतील, असं प्राध्यापिकाबाईंनी कळवलं. मंगळवारचा लंच बंच मी शाळा संपेपर्यंत घेणार आहे.