व्हाळाकाठचं गवत कापून घ्यायचंय? गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या या टीमबद्दल

आमचं कुळागर सत्तरीत, वर डोंगर, मध्ये सुपारी-नारळ, खाली वायंगणीची (पावसाळ्यानंतरच्या भाताची) शेतं आणि शेताला लागून व्हाळ, म्हणजे ओढा, जो पुढे म्हादई नदीला जातो. शेत आणि व्हाळ यांच्यामध्ये चार-पाच मीटरचा गवताचा पट्टा आम्ही मुद्दाम सोडलाय. तिथे नांगर नाही, खत नाही, फवारणी तर नाहीच. हा पट्टा कापायला यंदा वाळपईकडच्या पोरांची ग्रासकटर टीम बोलावली, काम खूप आवडलं म्हणून सविस्तर लिहितेय.

ग्रासकटरवाले गोव्यात कमी नाहीत, चतुर्थीच्या आधी तर जिकडेतिकडे मशीनचाच आवाज असतो. पण बहुतेकांना लाल माती दिसेपर्यंत कापायची सवय. घराच्या अंगणात चालतं ते, व्हाळाच्या काठावर अजिबात नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, म्हणजे वरून येणारं गढूळ पाणी गवताच्या उभ्या काड्यांत अडून मंदावलं तरच गाळ तिथे बसतो, आणि खतातला फॉस्फरस बराचसा मातीच्या कणांना चिकटून येतो त्यामुळे तोही तिथेच अडकतो. गवत बोडकं केलं की सगळं थेट व्हाळात. आणि कापलंच नाही तर ते लोळतं, आडव्या गवतावरून पाणी घसरून जातं आणि रानमोडीचं तण घुसतं ते वेगळंच.

या पोरांना एकदाच सांगितलं, वीतभर ठेवा आणि काठावरची वाळ्याची ओळ गुडघ्याच्या जरा खाली छाटा, की शेवटपर्यंत तसंच. वाळ्याला तर एकाने मशीन लावलंच नाही, कोयत्याने एकेक बुंधा धरून छाटला, मधले फुटवे शाबूत. पाण्याजवळ नायलॉनची दोरी काढून ब्लेड लावलं, कारण दोरीचे तुकडे तुटून व्हाळात जातात नाहीतर गुरांच्या पोटात. पेट्रोलही वर रस्त्यावर जाऊन भरलं. हे मी सांगितलं नव्हतं हां!

सगळ्यात महत्त्वाचं, कापलेलं गवत उचललं. ते तिथेच कुजलं तर त्याने शोषलेला नायट्रोजन परत पाण्यातच जाणार ना. कोवळं गुरांना दिलं, बाकीचं सुपारीच्या मुळांत घातलं. गेल्या वर्षी आलेल्या एका कंत्राटदाराने आम्हाला न विचारता काठावर तणनाशक मारलं होतं, गवत मुळासकट मेलं आणि पहिल्या मोठ्या पावसात काठाचा एक तुकडा ढासळून व्हाळात गेला. तिथे आता वाळ्याचे फुटवे लावलेत, वितीपेक्षा कमी अंतरावर, मृगाच्या पावसात. त्याची मुळं सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरपर्यंत सुद्धा, म्हणून काठ धरून ठेवायला त्याच्यासारखं दुसरं गवत मी तरी बघितलेलं नाही.

कमी काय वाटलं तर दर इतरांपेक्षा जास्त आहे, गवत वाहून न्यायचे पैसे वेगळे, फोन पहिल्या रिंगला उचलत नाहीत. आणि मातीकाम ते करत नाहीत. पट्ट्याच्या शेताकडच्या कडेला गाळ साचून उंचवटा होतो, मग पाणी त्याच्या कडेकडेने धावत एका खोलगट जागी फुटतं आणि तिथे चर पडतो, त्या चरातून सगळं गढूळ पाणी गवताला न शिवता निघून जातं. हे कुदळीने आपल्यालाच सपाट करावं लागतं, चर भरून तिथे गवताचे ठोंबे लावावे लागतात, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी एक फेरी मारून बघायलाच हवं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. चतुर्थीच्या सुमारास एक हलकी कापणी आणि पाऊस गेल्यावर एक, एवढं पुरे. दसऱ्यानंतर त्यांच्या तारखा मिळत नाहीत, तेव्हा आत्ताच सांगून ठेवा, आणि किती उंच ठेवायचं ते काम सुरू व्हायच्या आधी शेतात उभं राहून हाताने दाखवा.