सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा) निधी मिळवून देणाऱ्याला आगाऊ एक रुपयाही देऊ नका

घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बायकांच्या निवाऱ्यासाठी नाशिकमध्ये निधी जमवणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा. आमच्या संस्थेचे १,२४,५०० रुपये गेले. दिवाळीची फराळविक्री आणि शंभर-दोनशेच्या पावत्यांमधून जमलेले पैसे होते ते.

पद्धत नेहमीचीच. ‘सीएसआर सल्लागार’ म्हणवणारे एक गृहस्थ कॉलेज रोडच्या हॉटेलात भेटले. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत ओळखी, २०२७ च्या सिंहस्थामुळे महिला सुरक्षेसाठी वेगळा निधी, ३१ मार्चच्या आत फाइल गेली पाहिजे, असं म्हणाले. मार्चअखेर कंपन्यांना खर्चाची घाई असते हे खरंच आहे, म्हणून शंका आली नाही. मग प्रकल्प अहवालाचे २१,५००, सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठी संस्थेने करायची नोंदणी) चे १५,०००, जागेच्या तपासणीचे ३६,००० आणि शेवटी ‘टीडीएस’चे (रक्कम देतानाच कापायच्या कराचे) ५२,०००. सीएसआर-१ फॉर्मला सरकारी फी नाही. सीए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) कडून तो प्रमाणित करून घ्यावा लागतो, त्यांची फी काय ती. आणि टीडीएस पैसे देणारा कापतो, घेणाऱ्याकडून आधी मागत नाही!

ते पत्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. १८ लाखांचं मंजुरीपत्र, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ. लेटरहेड, गोल शिक्का, निळी सही, खाली सीआयएन म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक. सीआयएन २१ अक्षर-अंकांचा असतो. त्यावर १९ च होते. कंपनी मंत्रालयाच्या साइटवर नाव टाकलं असतं तर फुकटात कळलं असतं. ५२,००० पाठवताना यूपीआयवर कंपनीऐवजी कुणा बाईंचं नाव आलं, तर म्हणे ‘आमच्या अकाउंटंट आहेत’. कळायला हवं होतं, ते तिथेच. पण जागेचं भाडं थकलेलं, दोन लेकरं घेऊन रात्री आलेली बाई दारात, आणि समोर १८ लाखांचा कागद. अशा वेळी कोण अक्षरं मोजत बसतं?

राहणाऱ्या बायकांचे फोटो आणि आधार कार्डंही मागितली होती. ती दिली नाहीत. खऱ्या देणगीदाराला ती लागत नाहीत. निवाऱ्याचा पत्तासुद्धा देऊ नका, नवरे शोधत असतात. पाहणी करायचीच असेल तर कार्यालयात बोलवा, हिशेब दाखवा.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस ठाण्यात म्हणाले, हॉटेल आमच्या हद्दीत नाही. दुसरीकडे म्हणाले, सायबरला जा. तिथे उत्तर मिळालं, ‘पैसे तुम्ही स्वतः दिलेत, हा दिवाणी मामला.’ खोटं मंजुरीपत्र दाखवून पैसे उकळणं दिवाणी कसं? बँकेने सांगितलं, रक्कम पुढे काढली गेलीय. एका साहेबांनी तर विचारलं, ‘संस्थेत पुरुष माणूस नाही का कुणी?’ हा प्रश्न मारहाण सोसून आलेल्या बायकांच्या संस्थेला! आता ऑडिटमध्ये ही रक्कम कुठल्या शीर्षाखाली दाखवायची आणि फराळ घेणाऱ्यांना काय तोंड दाखवायचं, हे आम्हीच बघायचं.

हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यावीच लागते. नकार दिला तर वरिष्ठांना पोस्टाने लेखी अर्ज पाठवा आणि पोच जपून ठेवा. पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बैठका नंतर. पैसे देण्याआधी विश्वस्तांचा ठराव करा आणि कंपनीच्या सीएसआर विभागाला तिच्या साइटवरच्या नंबरवर स्वतः विचारा, मध्यस्थाने दिलेल्या नंबरवर नाही.

त्या माणसाचा फोन अजून चालू आहे. सिन्नर-निफाडकडच्या संस्थांना आता तो प्रकल्प अहवालाचे २५,००० सांगतोय.