'अप' लावू की 'कोको'?

भाचीचा प्रश्न असा: घरात ६ वर्षांचा मुलगा, सोबत आजी, आणि पिक्सारच्या या दोन अ‍ॅनिमेशन सिनेमांपैकी एकच बघायचा. जाहिरातीतलं 'सहकुटुंब हसा-रडा' बाजूला ठेवू.

पहिला फरक, रडू कधी येतं. 'अप' (२००९) सुरुवातीलाच गाठतो. कार्ल आणि एलीचा अख्खा संसार काही मिनिटांत, संवादाशिवाय, मायकेल जियाकिनोच्या संगीतावर सरकतो. मूल न होण्याचं दुःख, सहलीसाठी साठवलेले पैसे दर वेळी दुसऱ्याच खर्चाला मोडणं... मोठ्यांचा घसा तिथेच दाटतो. लहानाला एवढंच कळतं की एली आता नाही. घराला बांधलेले फुगे उडाले की तेही विसरतं.

'कोको' (२०१७) उधारी शेवटपर्यंत ठेवतो आणि मग व्याजासकट वसूल करतो. जे गाणं आधी रंगमंचावर झगमगाटात ऐकलं, तेच छोटा नायक मिगेल विसरभोळ्या पणजीसमोर हळू आवाजात गातो. इथे लहानालाही कळतं, कारण प्रश्न सोपा आहे: पणजीला आठवेल का?

साहस 'अप'मध्ये जास्त. मधला भाग मला थोडा पसरट वाटतो, पण बोलणारे कुत्रे तारून नेतात. 'कोको'त मेलेल्यांच्या जगातले सांगाडे आहेत, तरी ते इतके गातात-भांडतात की भीती फारशी टिकत नाही. मृत्यू मात्र पूर्ण वेळ समोर असतो.

तुमच्या घरासाठी 'कोको'. पण आजीचा जोडीदार नुकताच गेला असेल, तर 'अप' आत्ता नकोच. मुलं झोपल्यावर दोघांनीच बघायचा असेल, तर मी 'अप'च लावीन.