मोठ्यांना आधी ऐकायला लावणारा वाचनगट

कोथरूडमधल्या एका शाळेत एक शनिवार सोडून एक, सकाळची शाळा सुटली की ग्रंथालयात वाचनगट भरतो. आठवी-नववीची मुलं आणि मोठी माणसं एकच कादंबरी वाचून येतात आणि दीड तास तिच्यावर बोलतात. मोठ्यांत पालक आहेत, दोन शिक्षक आहेत, आजूबाजूच्या सोसायट्यांतली काही निवृत्त मंडळी आहेत. वर्गणी वर्षाला ३०० रुपये, मुलांना माफ. असे गट उत्साहात सुरू होतात आणि बहुतेक दिवाळीच्या सुट्टीपर्यंत विरतात. हा टिकलाय, आणि पुस्तकांच्या निवडीमुळे टिकलाय असं म्हणवत नाही, कारण निवड बऱ्याचदा फसते. टिकलाय तो मोठ्यांच्या बोलण्यावर घातलेल्या लगामामुळे.

बैठकीची रीत अशी : आल्याआल्या प्रत्येकानं चिठ्ठीवर एक प्रश्न लिहायचा आणि तो पुस्तकातल्या कुठल्या जागेवरून सुचला तेही लिहायचं. चिठ्ठ्या एका डब्यात जातात. त्या दिवशीचा सूत्रधार विद्यार्थीच असतो, पाळीपाळीनं. तो चिठ्ठी काढून वाचतो. पहिली पंचवीस मिनिटं मोठ्यांना दोनच गोष्टींची मुभा : प्रश्न विचारायचा किंवा पुस्तकातला उतारा वाचून दाखवायचा. मत द्यायचं नाही. निवृत्त पुणेकराला पंचवीस मिनिटं मत न देता बसवणं ही साधी कामगिरी नव्हे, आणि ती इथे बऱ्यापैकी जमते. त्यानंतर सहा-सहा जणांची टोळकी होतात, प्रत्येकात चार मुलं आणि दोन मोठे. आईवडील स्वतःच्या मुलाच्या टोळक्यात नाहीत, शिक्षक स्वतःच्या वर्गातल्या मुलांबरोबर नाहीत. शेवटची पंधरा मिनिटं सगळे पुन्हा एकत्र येतात.

हा क्रम उगाच नाही. मोठं माणूस आधी बोललं की मुलं आपलं उत्तर त्याच्या उत्तराला जुळवून घेतात. शाळेनं त्यांना तेच शिकवलेलं असतं. ‘यातून आपल्याला काय बोध मिळतो’ हा प्रश्न नुसता विचारायचा अवकाश, उत्तरं स्वाध्यायाच्या वहीतून उतरल्यासारखी येतात. जागा लिहिण्याची अट हे टाळते. कारण बोधाला जागा दाखवता येत नाही. पण ‘तो इथे खोटं का बोलला’ याला दाखवता येते. एक अडचण मात्र नेहमी येते. एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत पानं जुळत नाहीत, मग पाच मिनिटं ‘माझ्याकडे हे ८४ वर आहे’ यातच जातात. आता प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले तीन शब्द लिहायला सांगतात. ते उत्तम चालतं.

पळवाट अर्थातच आहे. ‘तुला नाही का वाटत, त्यानं आईला आधीच सांगायला हवं होतं?’ याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी हे मतच. असं झालं की सूत्रधारानं डब्यावर पेन्सिल आपटायची असा नियम आहे. आठवीतलं पोर दुसऱ्याच्या बाबांसाठी ती आपटेलही. स्वतःच्या वर्गशिक्षकांसाठी कधीच आपटणार नाही. ज्या शनिवारी शिक्षक रंगात येतात त्या शनिवारी सगळी रचना कोसळते आणि ग्रंथालयाचा वर्ग होतो. उपाय सोपा आहे. पेन्सिल एका मोठ्या माणसाच्या हातात द्यावी आणि चिठ्ठ्या मुलांच्या हातात राहू द्याव्यात. सुचवूनही अजून केलेलं नाही.

बसण्याची व्यवस्था ही किरकोळ बाब वाटते, पण नाही. मुलं सतरंजीवर आणि गुडघ्यांची तक्रार असलेले मोठे खुर्च्यांवर, अशी मांडणी होते आणि खुर्चीवरचा माणूस आपोआप खाली बघून बोलू लागतो. सगळ्यांना एका उंचीची प्लॅस्टिकची स्टुलं मिळतात त्या दिवशी चर्चा उघडउघड वेगळी होते. स्टुलं शाळेतच आहेत, फक्त आधी काढून ठेवावी लागतात. पावसाळ्यात कधी बैठक पत्र्याच्या शेडमध्ये हलवली तर मात्र जाऊ नये. सरीच्या आवाजात शेजारच्याचंही ऐकू येत नाही.

आता निवडीबद्दल, कारण खरी गोम तिथेच आहे. एका पुस्तकाला सहा आठवडे, त्यात तीन बैठका. म्हणजे दोन आठवड्यांत शंभरेक पानं. नववीच्या मुलाला क्लास सांभाळून हे झेपतं, दीडशे झेपत नाहीत. मराठीत या वयाला धरून लिहिलेल्या नव्या कादंबऱ्या थोड्या, म्हणून निवड दोन टोकांना जाते : लहानपणीची आवडती पुस्तकं नाहीतर इंग्रजी.

लहानपणीच्या आवडत्या पुस्तकांत धोका मोठ्यांकडून असतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा पोरगा, पुण्यातली शाळा, म्हणून पुण्याच्या गटाला तो अगदी योग्य वाटतो. पण चर्चेला बसलं की मोठे आपापल्या आठवणीत शिरतात आणि मुलांना बोलण्यासारखं काही उरत नाही. शिवाय आठवीतल्यांना ते धाकट्या भावंडांचं पुस्तक वाटतं. घरी वाचायला झकास, इथे नको.

प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ (१९९४) हा यापेक्षा कितीतरी चांगला पर्याय, आणि गटानं तो वर्षाच्या सुरुवातीला ठेवला हे शहाणपणाचं. ही सलग कादंबरी नाही, लंपन नावाच्या मुलाच्या कथा आहेत. एखाद्याची एक कथा वाचायची राहिली तरी दुसरीवर बोलता येतं. जून-जुलैत गट अजून जमत असतो तेव्हा हा गुण फार उपयोगी पडतो. अडतं ते भाषेवर. कानडी वळणाची बेळगावकडची बोली पुण्यातल्या मुलांना पहिल्या पाच पानांत दमवते आणि बरीच तिथेच थांबतात. म्हणून पुस्तक वाटतानाच पहिली तीन-चार पानं मोठ्यानं वाचून दाखवावीत, शक्यतो ती बोली घरात असलेल्या कुणीतरी. लय एकदा कानात बसली की पुढे मदत लागत नाही.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) हा वर्षाचा कळस ठरतो. नायक मुकुंद जोशी नववीतला, काळ आणीबाणीचा. मुलांना आणीबाणी इतिहासाच्या धड्यातून माहीत असते आणि साठीच्या आसपासच्या सभासदांनी ती शाळेच्या बाकावर बसून पाहिलेली असते. मोठ्यांना बोलू द्यायची जागा खरी ही. पण तिसऱ्या बैठकीत, पहिल्या नव्हे. पहिल्या बैठकीत तो विषय उघडला तर मुकुंद जोशी मागे पडतो. मुली लवकरच एका मुद्द्यावर येतात : निवेदन सगळं मुकुंदचं, मग त्याला आवडणाऱ्या शिरोडकरला काय वाटत होतं हे कळायचं कसं? यावर टोळक्यातले मुलगे अस्वस्थ होतात आणि चर्चा खऱ्या अर्थानं सुरू होते. या कादंबरीवर चित्रपट आहे हे विसरू नये. चिठ्ठीवरची जागा पुस्तकातली नसेल तर चित्रपट बघून आलेला लगेच उघडा पडतो.

इंग्रजी पुस्तकांत एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ (१९६७) चांगली निवड. लिहायला घेतली तेव्हा लेखिका स्वतः शाळेत होती. हे सांगितलं की मुलांचा चेहरा बदलतो. प्रकरणं बारा, म्हणजे तीन बैठकांना चार-चार, हिशेब नेमका बसतो. सेमी-इंग्रजीची मुलं सहज वाचतात. अडखळतात ते काही आजी-आजोबा, आणि एकदा तरी उलटी परिस्थिती होते हे चांगलंच आहे.

प्रतींचं गणित मात्र गटाला सुटलेलं नाही. एका प्रतीवर दोघं, शनिवार ते मंगळवार एक आणि बुधवार ते शुक्रवार दुसरा. कागदावर ठीक. प्रत्यक्षात पुस्तक शाळेत आणायला विसरलं की जोडीदाराचे दोन दिवस गेले. एकाच सोसायटीत किंवा एकाच बसनं येणाऱ्या मुलांच्या जोड्या लावल्या तर हे निम्म्यानं कमी होईल. सध्या हजेरीपटाच्या क्रमानं लावतात. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढून वाटण्याचा मोह काही पालकांना होतो. गटानं त्याला स्पष्ट नकार दिलाय आणि ते बरोबर आहे. पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकात जुन्या प्रती शोधायच्या असतील तर शनिवार संध्याकाळ सोडून कधीही जावं.

या पुस्तकांत प्रेम येतं, शरीर येतं, शिव्या येतात, कधी घरातला मारही येतो. पुस्तक सुरू होण्याआधी दोन आठवडे पालकांना एका पानाची टिपण दिली जाते : यात काय-काय आहे, आणि नको असेल तर दुसरं कुठलं पुस्तक मिळेल. तक्रारी त्यामुळे आधी येतात, मधेच येत नाहीत. मुलांना व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलेलं नाही, निरोप फक्त पालकांना जातात. प्रत्येक टोळक्यात किमान दोन मोठे असण्याचा नियम एक जण गैरहजर असला तरी मोडत नाहीत, टोळकी एकत्र करतात. इथपर्यंत शंभर टक्के गुण.

गुण कापायचे ते यासाठी : नव्या मोठ्या सभासदांना एक महत्त्वाची गोष्ट कुणी सांगत नाही. कादंबरीतल्या पात्राबद्दल बोलता-बोलता मूल कधी स्वतःबद्दल बोलून जातं. अशा वेळी ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नसतं. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. मुलाला खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, इतरांसमोर तर नाहीच. शांतपणे ऐकायचं आणि त्याच दिवशी शाळेतल्या जबाबदार व्यक्तीपर्यंत पोहोचायचं. पहिल्या बैठकीआधी वीस मिनिटं यासाठी काढायला हवीत. पुस्तकाची टिपण एवढ्या काळजीनं करणाऱ्या गटाकडून ही चूक अनपेक्षित आहे.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात. गणपतीच्या आठवड्यात आणि सहामाहीच्या आधी बैठक ठेवली तर निम्मी माणसंही येत नाहीत; गट तरीही दरवर्षी एक ठेवतो. शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होती तेव्हा तिला बसणारी मुलं जानेवारीपासून गळायची; आता ती सातवीत गेली, तरी जाडजूड पुस्तक दिवाळीआधी उरकलेलं बरं.

मुलाचं मराठी सुधारेल किंवा परीक्षेत गुण वाढतील म्हणून पाठवत असाल तर पाठवू नका, इथे तसं काही शिकवत नाहीत. नावनोंदणी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर होते, मोठ्यांच्या जागा आधी भरतात. पहिल्या दिवशी वही नको, चिठ्ठ्या तिथे मिळतात. पेन्सिल मात्र आणावी, कारण गटाच्या प्रतीवर पेनानं खूण केली तर ती प्रत विकत घ्यावी लागते.