टीमचा कोड ठेवायला गिटी: महापेच्या ऑफिसातला अनुभव

जीएसटी नंबर तपासणारं फंक्शन आमच्या टीमने तीन प्रोजेक्टांत तीनदा लिहिलं होतं. त्यातलं एक नुसती १५ अक्षरं मोजायचं. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला २७, पुढची दहा अक्षरं पॅनची आणि अगदी शेवटचं पडताळणीचं. ते शेवटचंच तपासलं जात नव्हतं. भिवंडीच्या एका गोदामवाल्याच्या बिलांवर एक अक्षर चुकलेला नंबर छापून गेला. बरोबर फंक्शन आमच्याकडेच होतं हो, पण वेळेला सापडलं नाही. याचं मला फार वाईट वाटलं.

असा कोड एका जागी ठेवायला आधी वर्गणी भरून एक स्निपेट ॲप, म्हणजे कोडचे छोटे तुकडे साठवायचं ॲप, घेतलं होतं. दिसायला देखणं, पण सोडायची वेळ आली तेव्हा आमचाच कोड एकेक करून कॉपी करावा लागला. दोन शनिवार गेले. गिटहबचं गिस्ट, म्हणजे कोडचा तुकडा ऑनलाइन ठेवायची सोय, एकट्याला छान. मात्र 'सिक्रेट' गिस्ट खासगी नसतं, लिंक ज्याच्या हाती पडेल तो ते वाचू शकतो. ग्राहकाचा कोड तिथे ठेवायला मन धजेना.

गिटी म्हणजे टीमचा कोड आपल्याच मशीनवर ठेवायचं सॉफ्टवेअर. मोफत आणि ओपन सोर्स आहे, २०१६ साली गॉग्स नावाच्या तशाच सॉफ्टवेअरमधून वेगळं झालेलं. एकच फाइल चालवायची, डेटाबेसला एसक्यूलाइट पुरतं. ऑफिसात पडून असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर बसवलं, आम्हा सहा जणांना पुरून उरतं. आत सगळं साधं गिटच, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं साधन. उद्या गिटी सोडलं तरी क्लोन केलं, म्हणजे पूर्ण प्रत उतरवून घेतली, की कोड इतिहासासकट आपल्या हातात. मी निवडलं ते यासाठीच.

बसवताना एक करा: सगळ्या रिपॉझिटरींतला (प्रत्येक प्रोजेक्टच्या साठ्यातला) कोड शोधणारा इंडेक्सर मुळात बंद असतो, तो कॉन्फिग फाइलमध्ये सुरू करा. डिस्क थोडी जास्त लागेल, लागू दे. बॅकअप रोज दुसऱ्या मशीनवर.

फंक्शन बरोबर चालतं का हे तपासणाऱ्या टेस्टशिवाय ते आत घ्यायचं नाही, हा नियम आमचा. भिवंडीचा तो चुकलेला नंबर आता टेस्टमध्येच आहे.

परवा नवा मुलगा म्हणाला, "ताई, बिलावर रक्कम अक्षरी हवीय, लाख-कोटीत. लिहायला घेऊ?"

"आधी शोध."

दोन मिनिटांत फंक्शन, टेस्ट आणि ते का बदललं हे सांगणारा कमिट (बदलाची नोंद), सगळं त्याच्या स्क्रीनवर होतं. संध्याकाळी तो आमच्याबरोबरच कोपरखैरण्याला ठाण्याच्या गाडीत चढला.